घंगाळातला बेडूक

आषाढ वद्य ९, शके १८४२

बेडूक मलाच दिला! गावात कुठे दिसेना. शेजारची दगडाबाई कोरड्या विहिरीच्या तळाशी चिखलात हात घालून घेऊन आली. "तू शिकलेली, बाई. अमावास्येपातूर तूच सांभाळ." अमावास्येला धोंडी निघायची — निंबाच्या डहाळ्यांत बेडूक बांधून दारोदार न्यायचा, बायांनी वरून पाणी घालायचे, मग पाऊस येतो म्हणतात.

काका ओसरीवरून म्हणाले, "जगला तर धाकटीची पाटी चालू. मेला तर बंद. अन् तुझ्या हातून मेला, तर तुझी ही वही बी चुलीत. तुझ्या बापानं तुला शिकवलं, तवापासून पावसानं तोंड दावलं न्हाई."

माझी धाकटी बहीण तुळजा नऊ वर्षांची. तिला आता कुठे जोडाक्षरे येऊ लागली आहेत.

वद्य १०

भांडे कोणते? लोट्यात त्याचे पाय दुमडतात. परातीतून उडी मारील. घागरीच्या तोंडातून माझा हात जात नाही. शेवटी दगडाबाईचेच गाडगे — तळाशी चिखल, वर ओले फडके. वीतभर जागा. सारखा वर बघतो!

वद्य ११

काही खात नाही. जागाच पुरत नसावी. तांब्याचे घंगाळ चिंच लावून लख्ख घासले. देवाचे काम, ते मातीच्या जुन्या गाडग्यात कसे करायचे? माझे वडील, आबा, असताना म्हणत, तांब्यातले पाणी शुद्ध.

दगडाबाई हसली. "अगं, चिखलच बरा त्याला. बेडूक हाय, भटजी न्हाई!"

मी ऐकले नाही. माझ्या वाटणीचे पिण्याचे पाणी ओतले. चांगला हातभर पोहला.

वद्य १३

मेला. पोट वर, पाय ताणलेले. पाण्याला हिरवट कड.

"तांबं बाधलं," दगडाबाई म्हणाली.

तांब्यात दही ठेवू नये हे मला माहीत होते. मग बेडूक कसा ठेवला?

काकांना उद्या सांगेन.

वद्य १४

सांगितले नाही.

अमावास्या

धोंडी निघाली नाही. काकांनी विचारले, "कुणी मारला?" माझ्या आधी तुळजा बोलली — "मीच गाडग्यातून काढला, काका." त्यांनी तिची पाटी उंबऱ्यावर आपटली. दगडाबाई दारातच उभी होती. माझ्याकडे बघत राहिली.

नंतर तुकडे वेचताना तुळजा हळूच म्हणाली, "माझी तर जाणारच होती, आक्का. तुझी वही बी कशापायी जाऊ द्यायची?"

वही राहिली. मी गप्प बसले होते.