भ्यालेल्या माणसाला काय सांगायचं

अण्णा,

शेअर बाजाराबद्दल बोलायला मी लोकांसमोर उभी राहते, तेव्हा सुरुवात अजून तुमच्यापासूनच करते. "माझ्या ओळखीचे एक गृहस्थ होते," असं म्हणते. एसटीत कंडक्टर होते, निवृत्तीच्या पैशातले थोडे चांगल्या कंपन्यांच्या शेअरमध्ये घातले, बाजार कोसळला तसे सगळे विकून मोकळे झाले, आणि त्यांनी विकल्यावर बाजार जो चढला तो चढतच गेला. मग मी जरा थांबते आणि म्हणते, "पण ते गृहस्थ त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले." लोक हसतात. एकदा हसले की पुढचं धीराचं, वर्षानुवर्षं थांबण्याचं सांगणं सोपं जातं.

भाकरीचं खोटं नाही. मी तेव्हा कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होते. कितीतरी दिवस तुम्ही टीव्हीवरचे लाल आकडे बघत नुसते बसून असायचा, ताटात हात फिरवून उठायचा. त्या दिवशी नवी पेठेतल्या ब्रोकरकडून आलात ते थेट स्वयंपाकघरात. पाट ओढून बसलात आणि आईला म्हणालात, "विकलं समदं. वाढ आता." शेंगाची चटणी, दही, भाकरी. आई वाढतेय, तुम्ही खाली मान घालून जेवताय, आणि मी दारात उभी. "अण्णा, पडलेल्या भावात कुणी विकतं का? थांबायचं असतं." तुम्ही घास गिळलात. "तू शिकलेली हाईस. मला भ्या वाटलं, मी विकलं." एवढंच. मला भीती वाटली असं स्वतःच्या घरात, बायकोपोरीसमोर सांगणारा पुरुष मी नंतर फारसा पाहिला नाही. तेव्हा मात्र मला तुमची लाज वाटली होती.

बाजार सावरल्यावर मी तुमच्या मागेच लागले. सकाळी चहाला बसलं की पेपर उघडून भाव मोठ्यानं वाचायचे. "अण्णा, तुमचा तो शेअर बघा कुठं गेला." तुम्ही खारी चहात बुडवत म्हणायचा, "चांगलं झालं की. ज्याच्याकडं हाय त्याचं भलं झालं." आई एकदा म्हणाली, "पुरे की गं आता." मी थांबले नाही. मला वाटायचं, मी तुम्हाला शिकवतेय.

पुढे मी हाच धंदा धरला. लोकांचे पैसे फंडात गुंतवून द्यायचे, त्यांना सल्ला द्यायचा. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं कामगारांसमोर बोलायला बोलावलं, तेव्हा "मी बी येतो ऐकायला" म्हणून तुम्ही स्कूटरवर मागं बसलात. कँटीनमध्ये अगदी शेवटी, पाण्याच्या पिंपाजवळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसला होता. तुम्ही आलाय हे मी विसरले होते असं म्हणायची सोय नाही. मी बोलताना तुमच्याकडेच बघत होते. त्या गृहस्थांची गोष्ट त्या दिवशी गाळता आली असती. पण लोक तिथंच हसतात हे मला माहीत होतं. मी ती सांगितली. सगळे हसले. तोंडावर हात धरून तुम्हीही हसलात.

परत येताना हायवेवर ट्रकांचा आवाज होता, म्हणून तुम्ही माझ्या कानाशी येऊन बोललात. "लई चांगलं बोलतीस. समद्यांना कळतंय." मग, "पण भ्यालेल्या माणसाला काय सांगतीस तू?" मी पुढे बघतच ओरडून म्हटलं, "त्यानं बाजारात यायचंच नाही." तुम्ही "व्हय" म्हणालात. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. त्यावर आपलं पुन्हा बोलणं झालं नाही, आणि खरं सांगते, त्या वेळी ते राहून गेलंय असंही मला वाटलं नाही.

करोनाच्या साली, लॉकडाऊन लागायच्या आधी, बाजार पडला तसा मी कधी बघितला नव्हता. रोज फोन यायचे, मी रोज तेच सांगायचे. एक दिवस टॉवेलच्या कारखान्यात मागांवर देखरेख करणारे एक मास्तर आले. निवृत्तीचा बहुतेक सगळा पैसा त्यांनी माझ्या सांगण्यावरून ठेवला होता. हेल्मेट मांडीवर घेऊन बसले. "मॅडम, काढून टाका समदं. जेवण जाईना मला." मी त्यांना खूप वेळ समजावलं. आधीच्या पडझडी सांगितल्या, प्रत्येक वेळी जे थांबले ते कसे वर आले ते सांगितलं. त्यांना काही पटेना. शेवटी मी म्हणाले, "मी स्वतः एक रुपया काढलेला नाही." त्यांनी मान वर केली. "तुमी न्हाय काढलं?" "नाही." "मग मी बी न्हाय काढत." आणि उठून गेले.

त्या दिवशी ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा अंघोळीला गेला होता. मी मोबाईल उघडला. आदल्या दिवसापेक्षा वाईट होतं. कुणी मागं लागलेलं नव्हतं, पैशाची नड नव्हती. लेकीच्या नावानं ठेवलेले होते त्यातले निम्मे मी काढून टाकले. त्या दुपारी मला गाढ झोप लागली. उठले तेव्हा तुम्ही आठवलात, आणि मी घाईघाईनं तोंड धुवायला गेले. मास्तरांना फोन करावा असं मनात आलं. केला नाही.

बाजार वर आला. मास्तर पेढे घेऊन आले. "तुमी काढलं न्हाय म्हणून मी काढलं न्हाय," म्हणाले. "न्हायतर बुडालो असतो." मी पेढा घेतला आणि त्यांच्यासमोर खाल्ला. त्यांचं भलंच झालं होतं, आणि मी त्यांना सांगितलं ते चुकीचं नव्हतं. जो थांबतो त्याला मिळतं, यावर माझा आजही विश्वास आहे. फक्त मी स्वतः थांबले नव्हते, आणि मास्तर थांबले होते ते माझ्याकडे बघून.

आता नवा माणूस आला की मी पहिल्यांदा विचारते, किती पैसे निम्मे झालेले बघूनही तुम्हाला जेवण जाईल? तेवढेच बाजारात ठेवा, बाकीचे बँकेत राहू द्या. तुमच्या प्रश्नाचं एवढं उत्तर मला सापडलंय, तेही माणूस भ्यायच्या आधी द्यायचं. भिऊन समोर येऊन बसला तर त्याला काय सांगायचं, ते अजून नीट येत नाही. बहुतेक आधी हे सांगायला हवं की मलाही भ्या वाटतं. तुम्ही ते जेवता जेवता सांगितलं होतं.

हे कुणाला दाखवणार नाही. पैसे काढल्याचं नवऱ्यालाही माहीत नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा चिंचोळीला बोलावलं होतं. सगळी तरुण मंडळी, हातात मोबाईल. जाताना ठरवलं होतं, आज सांगायचं की ते गृहस्थ माझे वडील होते, आणि त्यांच्यासारखंच मीही केलं. गोष्ट सुरू केली, थांबायचं तिथं थांबले, पोरं हसली. हसणं ओसरेपर्यंत मी वाट बघितली. आणि मग म्हणाले, "करोनाच्या पडझडीत मी स्वतः एक रुपयासुद्धा काढला नाही."