टीव्हीमागची डबी

शनि., ८ नोव्हें.
झालं एकदाचं. टीव्हीमागच्या डबीवर (डबीच; एवढासा कॉम्प्युटर) नवी सिस्टीम चढली. 'हे यंत्र पात्र नाही' असं तीनदा आलं. मग ती तपासणीच वगळून पेनड्राइव्हवरून घातली. साडेतीन तास गेले. चालू झाल्यावर वै.ला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "छान. आता अण्णांना बसू द्या, मघापासून थांबलेत."

सकाळी सुरू करण्याआधी अण्णांनी पडद्यावर टाइप केलं होतं : 'चालू आहे ते चालू दे.' मी म्हणालो, "जुन्या सिस्टीमला आता सुरक्षा मिळत नाही, अण्णा. तुम्हाला नाही कळायचं ते." त्यावर, 'बरं. तुझी मर्जी.'

जागा कमी असल्याचा इशारा येत होता. जुन्या सिस्टीमची राखून ठेवलेली प्रत पुसून टाकली. आता भरपूर जागा.

रवि., ९
मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम उघडत नाही. अण्णा कळा दाबतात, इंग्रजी अक्षरं उमटतात. "दुपारपर्यंत करतो" म्हणालो. दुपारी म्हणालो, "संध्याकाळपर्यंत."
कोल्हारहून ताईचा व्हिडिओ कॉल. दर रविवारी ती अण्णांचा पडदा वाचत गप्पा मारते. "अण्णा आज लिहीत का नाहीत रे?" "सिस्टीमचं काम चाललंय." खोटं नाही. खरंही नाही.

सोम., १०
प्रोग्रॅम पंधरा वर्षांपूर्वीचा. अण्णा तहसील कचेरीबाहेर लोकांचे अर्ज टाइप करून देत. टाइपरायटर सोडून कॉम्प्युटर घेतला तेव्हा नगरच्या एका दुकानदाराने घालून दिला होता. डबीवरही त्यानेच आणून बसवला. आता ते दुकान नाही, त्याचा फोन लागत नाही, सीडी घरात नाही. जुन्या सिस्टीमवर परत जायला दहा दिवसांची मुदत असते. पण ज्या प्रतीवरून परतायचं ती मीच शनिवारी...
कॉलेजात प्रत्येक बॅचला पहिल्या तासाला सांगतो : आधी प्रत काढा, मग हात लावा.

बुध., १२
अण्णांना पाटी आणून दिली. पेन काय, खडू काय, धरलं की बोटं आखडतात. दिवसभरात एवढंच : चहा. हो. नको. पंखा.

घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला त्याला दोन वर्षं झाली. पण या दोन वर्षांत हा माणूस गप्प बसलाय असं मला आठवत नाही. जेवताना पडद्यावर यायचं, 'मे. सूनबाई यांचे सेवेशी. विनंती अर्ज करतो की, आमटीत मीठ घालणेत यावे.' वै. ताटावरूनच, "अर्ज फेटाळण्यात येत आहे!" की लगेच खाली, 'अपील करणार.'
आज आमटी अळणी होती. अण्णांनी मुकाट्यानं मिठाची बरणी ओढून घेतली.

सोम., १७
अण्णांचे जुने दोस्त तात्या बाजाराला आले की आमच्याकडे टेकतात. अण्णा टाइप करणार, तात्या मोठ्यानं वाचून भांडणार, असे दोन दोन तास.
"काय मास्तर, मशिन बंद हाय म्हनं?"
सगळं सांगितलं.
"म्हंजी चालत हुतं, ते तुमी सुधारलं?"
"हो."
"लई शिकलेला मानूस घरात असला का असंच हुतंय. आरं, बोलत्या मानसाला मुकं केलं की राव!"
अण्णा हसले, नुसते खांदे हलले. तात्यांना बहुधा आपलंच वाक्य लागलं. खाली बघत चहा प्यायले आणि अर्ध्या तासात उठले.

गुरु., २०
कसला धोका होता? डबीवर बँक नाही, मेल नाही. अण्णांचं टायपिंग आणि सकाळची भजनं, बस.
खरं लिहायचं तर, स्टाफरूममध्ये मी आधीच बोलून बसलो होतो : कंपनी नाही म्हणते त्या यंत्रावर नवी सिस्टीम चालवून दाखवतो. १० तारखेला फोटो दाखवलाही. घरी काय झालंय ते माहीत असून दाखवला. "वा सर!" झालं. आज तो फोटो परत पाहिला. कोपऱ्यात अण्णांचा हात आलाय. मांडीवर ठेवलेला.

शनि., २९
टाइपरायटरसारखा कळफलक देणारा एक फुकट प्रोग्रॅम मिळाला. जवळजवळ सगळ्या कळा जागच्या जागी. अण्णा खुर्ची ओढून बसले. पहिला शब्द मारला 'विनंती', आणि अडकले. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची, अक्षर नंतर. चाळीस वर्षं त्यांची बोटं तशीच चालतात. इथे अक्षर आधी, नाहीतर ठिपक्यांचा रिकामा गोल उमटतो. खोडलं. पुन्हा गोल. पुन्हा.
"फक्त उलटं मारायचं, अण्णा. सोपं आहे."
सोपं! 

गुरु., ४ डिसें.
अण्णा पुन्हा लिहितात. मला बरं वाटत होतं. आज वै. म्हणाली, "तुमच्या लक्षात आलं का? ती वेलांटी असलेला शब्दच ते घेत नाहीत." वरचं सगळं वाचून काढलं. 'किती वाजले' नाही, 'वेळ?'. 'मित्र' नाही, 'दोस्त'. दहा-बारा ओळींत एकही नाही. अर्ज नाही की अपील नाही.
म्हणजे मनात एक येतं आणि ते दुसरंच लिहितात. यापेक्षा पाटी बरी होती का? माहीत नाही.

सोम., ८
नवं मोठं अपडेट आलंय. या डबीला ते आपोआप मिळणार नाही, पुन्हा तपासणी वगळून घालावं लागेल. नाही घातलं तर काही महिन्यांनी हीसुद्धा जुनी ठरेल. घातलं तर हा कळफलक टिकेल याची खात्री नाही. या वेळी आधी प्रत काढली. मग अण्णांच्या शेजारी बसून सगळं सांगितलं, न कळण्यासारखं त्यात काही नव्हतंच. "घालू की राहू दे? तुम्ही म्हणाल तसं."

त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. 'तू' उमटलं. पुढे ठिपक्यांचा गोल. खोडला. पुन्हा गोल. दुसरा शब्द घेतील असं वाटलं, घेतला नाही. मी कळ दाखवायला हात पुढे केला, तर तो मनगटाशी धरून बाजूला ठेवला आणि परत खोडायला लागले.

कॉलेजची वेळ होत आली. वै. म्हणाली, "जा तुम्ही, मी वाचते." चपला घालून दारात उभा राहिलो. पडद्यावर 'तू' आणि त्याच्यापुढे गोल. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि गोल खोडला.