तू वळवलेली गाडी

आई, तुझा तो इंग्रजी सिनेमा शेवटी परवा मी पाहिला. इथे लंडनला, हॅरोत, मुलाच्या घरी, सोफ्यावर पाय वर घेऊन, भर दुपारी. नातीला शाळेत फ्रेंच आहे. तिच्या अभ्यासाच्या कादंबरीवरून हॉलिवूडवाल्यांनी फार पूर्वी काढलेला, काळा-पांढरा. मी शेंगा सोलत बसले होते. नाचाच्या दिवाणखान्यात सिनेमातल्या बाईचा, त्या डॉक्टरच्या बायकोचा, हातमोजा खाली पडला, एका लष्करातल्या माणसाने वाकून उचलला, आणि माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. हा हातमोजा मी ओळखते. तू तो चुलीजवळचं फडकं पाडून दाखवायचीस. मला नव्हे. तिला.

तिला म्हणजे शेजारच्या खोलीतल्या, माझ्याच वयाच्या पोलिओवालीला. मी सांगतेय ते सूनबाई लिहून घेतेय, ती या शब्दावर थांबली. लिही गं, तेव्हा मी तिला तेच म्हणत असे. पुण्याला कॅम्पातल्या थेटरात तू बायकांच्या दारावर तिकिटं फाडायचीस. रविवारी सकाळी इंग्रजी खेळ असायचा; हा सिनेमा तर कितीतरी रविवार चालला. इंग्रजी तुला येत नव्हतं, अक्षरओळख तर आपल्या दोघींनाही नाही; नुसती चित्रं बघून तू गोष्ट जुळवायचीस. दुपारी आलीस की पाणीसुद्धा न पिता थेट तिच्या खाटेवर. मधे गोणपाटाचा पडदा. मी अलीकडे उभी, श्वास रोखून. एकदा हट्ट केला, "मलाही सांग ना." तर म्हणालीस, "तुला पाय आहेत, जा हुंदड." मग मी देवाला सांगायचे, माझेही पाय घे, कायमचे नकोत, रविवारपुरते घे. आणि ती भवानी संध्याकाळी खाटेवरून विचारायची, "मला अख्खा सांगितला तुझ्या आईने. तुला कुठवर सांगितला?"

पण तिच्याहून जास्त राग मला सिनेमातल्या त्या बाईच्या पोरीचा यायचा. तुझ्या तोंडी सारखी तीच. आई नटतेय, तर ही पोर पडद्याआड उभी राहून वेणीचं टोक चघळतेय. आई कुणाला चोरून भेटायला निघालीय, तर ही पडद्याआड, वेणी तोंडात. शेवटी ती बाई घर सोडून घोडागाडीत बसते, गाडी गावाबाहेर पोचते, आणि तिला ती वेणी आठवते. "वळव गाडी," ती म्हणते. तू हे इतक्या जोरात म्हणायचीस की पलीकडे खाट हलायची. मी अलीकडे जळून कोळसा. त्या गोऱ्या पोरीची आई गावाच्या वेशीवरून परत येते, आणि माझी एका गोणपाटापलीकडून येत नाही!

परवा मी नातीला मोठ्या ऐटीत म्हटलं, "आता बघ, ती गाडी वळवेल." गाडी वळली नाही. पुढे बाई परक्या गावात आजारी पडली आणि मेली. नात म्हणाली, "आजी, तुझी सिनेमा रॉंग आहे. बुकमध्ये पण ती मरतो."

"आणि पोर? पडद्यामागची?"

"कुठला पडदा? ती फक्त दोनदा आहे." नातीने मागे जाऊन दाखवलं. एकदा पाळण्यात. एकदा दारात उभी, आणि आई तिला हाताने बाजूला सारून निघून जाते. केस मानेपर्यंत, कुरळे. वेणी नाहीच.

आई, वेणी माझी होती. टोक चघळते म्हणून तू मला किती फटके दिलेस. म्हणजे तुला माहीत होतं, दर रविवारी मी कुठे उभी असते ते. तोंड तिच्याकडे करून तू सांगायचीस, आणि गाडी वळवायचीस माझ्यासाठी. मग पडदा बाजूला करून एकदा "ये आत" म्हणाली असतीस तर काय गं बिघडलं असतं? तिच्याशेजारी खाटेवर जागा होती. हे मी तुला माफ केलेलं नाही, तेवढं लक्षात ठेव.

सूनबाई विचारते, "आई, हे पत्र ठेवू कुठे?" ठेव माझ्या गोळ्यांच्या डब्याखाली. टपाल तुझ्यापर्यंत जात नाही, आणि गेलं तरी वाचणार कोण?

एक राहिलं. काल पुण्याहून पोलिओवालीचा फोन आला होता. अजून ठणठणीत आहे. अजून म्हणते, "तुझी आई तो सिनेमा माझ्यासाठी सांगायची." वेणीचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. सांगितलं नाही. दया आली म्हणून नाही. तिला सांगितलं असतं तर ती रडली असती, म्हणाली असती, "म्हणजे आपल्या दोघींसाठी होता गं." आणि मला त्यातलं अर्धं द्यायचं नाही.