मधले दहा फूट

४ एप्रिल

केलं खरं, पण करायला नको होतं!

वायरमन मामाची रोजची टिमकी — "मला केबल बघावी लागत नाही, बोटांना कळते." ऐकून ऐकून कान किटले. म्हणून आज पाळणाघरात, पोरांच्या निजायच्या खोलीत, एसीच्या लाइनचे मधले दहा फूट कापले अन् तिथे लाइटची बारीक वायर जोडली. दोन्ही टोकांना जाडजूड केबल तशीच. मामा शिडीवर चढला, टोकं चिमटीत धरली. "बघ माकडा, चार एमएम! आंधळासुद्धा सांगेल."

हसू आवरेना. म्हटलं, आधी चहा पिऊ, मग त्याच्यासमोर वायर बाहेर काढू. जिरवूच!

परत आलो तर छतवाल्याने पीओपीचं खोटं छत बंद केलेलं. मामानेच घाई केली होती म्हणे.

५ एप्रिल

सांगणार होतो, देवाशपथ. पण मामा पाळणाघराच्या बाईंना ऐकवत होता — "एसीला बोर्डापासून मशिनपर्यंत एक अखंड केबल. मध्ये जोड नाही. त्या लाइनवर दुसरं काही नाही. नियम म्हणजे नियम!" बाई खूश. मी हत्यारं आवरायला लागलो.

९ एप्रिल

पाळणाघर सुरू झालं. एसीसुद्धा.

११ एप्रिल

पक्कड विसरली म्हणून गेलो. सोळा पोरं ओळीने झोपलेली. एकीचा अंगठा तोंडात. स्टुलावर चढून छताला हात लावला. कोमट नाही — गरम!

बाई दारात. "छताशी काय गुजगोष्टी चालल्यात रे?"

"पाल होती."

"मग धर की! घाबरतोस काय?"

घरी आल्यावर मामाला आडून विचारलं, वायर बारीक असली तर एमसीबीचा खटका पडेल ना?

"कशाला पडेल? वीस अँपियरचा आहे, चार एमएमच्या केबलसाठी. बारीक वायर जळून जाईल, तो बघत बसेल." मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "का विचारतोस?"

"सहज."

१३ एप्रिल

बाईंचा मामाला फोन — खोलीत कसला तरी वास येतोय. मामा जागचा हलला नाही. "नव्या मशिनला येतोच. जाईल चार दिवसांत." अन् पुन्हा जेवायला लागला.

१४ एप्रिल

डोळे मिटले की तो अंगठा दिसतो.

१५ एप्रिल

रविवार, पाळणाघर बंद. "फिल्टर धुतो" अशी थाप मारून बाईंकडून किल्ली आणली. मेन बंद केला. छताला भोक पाडलं. जोडावरची टेप वितळून डांबरासारखी, वरची फळी तपकिरी. अजून दोन दिवस... नको, लिहवत नाही.

बोर्डापासून मशिनपर्यंत अखंड नवी केबल ओढली. जोड नाही. भोक बुजवलं. सुटलो!

१६ एप्रिल

काल एक गोष्ट लिहिली नाही. छताच्या पोकळीत बाकीच्या तीन खोल्यांच्या एसीच्या लाइनीही दिसल्या. टोकांना चारची केबल, मध्ये लाइटची वायर. तिन्ही! त्यांना मी हात लावला नव्हता. त्या मामाने एकट्याने ओढल्या होत्या, मला सामान आणायला पिटाळून.

आईबापांच्या मागे त्यानेच वाढवलंय मला. मी करतो ना — एका रविवारी एक खोली. तीनच तर रविवार. तोवर, ज्याच्या हाती ही वही पडेल त्याने, पाया पडतो, कुणाला सांगू नये.