सार्जंट क्रेनची डुकरीण

ऑल्बनी, ९ ऑक्टोबर १८९५

चि. सौ. लव्हिनीस अ. उ. आ.

वि. वि. पणजोबांच्या दप्तरासाठी मी या दोन हातांनी केलेल्या वस्तू अशा : अक्रोडाच्या लाकडाच्या सहा पेट्या, खिळा एकही नाही, कापडी पाठीच्या अकरा चोपड्या, दोनदा गाळलेली गव्हाची खळ, आणि कागद दाबायचा शिकंजा, लाकडी स्क्रूसकट. कोणी शिकवलं नाही. शिकवलं असतं तर चुकीचं शिकवलं असतं.

कर्नल पणजोबा स्वातंत्र्ययुद्धात सात वर्षं इंग्रजांशी लढले आणि पुढे वीस वर्षं या शहराचे रस्ते-कारभारी होते. लढाईच्या कागदांनी एक पेटीही भरत नाही. त्यांत बूट नाहीत आणि पीठ नाही, एवढीच तक्रार आहे. उरलेल्या पाच पेट्या डुकरांच्या. डुक्कर रस्त्यात मोकळं सापडलं की मालकाला दंड. मालक त्यांच्या पलटणीतला असेल तर दंड निम्मा, आणि तसा शेरा त्यांच्या हातचा.

आता गंमत ऐक. पलटणीचे हजेरीपट केव्हाच जळाले. आणि गावात निघालंय वीरकन्या मंडळ. पणजा लढल्याचा लेखी पुरावा दाखवल्याशिवाय कोणाला आत घेत नाहीत. म्हणजे शौर्य सापडायचं ते डुकरांच्या पेटीतच. काल मिसेस ऑगस्टा पेनीमन हातमोजे न काढता येऊन बसल्या. मी त्यांच्या पणजोबांचा कागद काढून दिला : सार्जंट इलायजा क्रेन माझ्याबरोबर साराटोगाच्या लढाईत होता, माणूस शूर, डुकरीण तिसऱ्यांदा चर्चमध्ये शिरली, दंड निम्मा. बाईंनी विचारलं, शूर तेवढा मिळेल का.

तुझा, तेउनिस

यूटिका, १५ ऑक्टोबर

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पेट्यांची खुशाली कळली. तुझ्या खोकल्याबद्दल एक अक्षर नाही. खाली पाववाल्याची भट्टी, वर तुझे कागद. मागल्या महिन्यात धुराडं पेटलं तेव्हा तू आधी पेट्या खाली नेल्यास आणि मांजर शेवटी, हे मला शेजारणीकडून कळलं. मांजरानं मला लिहिलं नाही म्हणून काही झालं नाही असं नव्हे.

बाईंचे पेनीमनसाहेब नवं ग्रंथालय बांधताहेत, कागदांना आग न लागणाऱ्या दगडी खोलीसकट, हे तुला ठाऊक आहे. एकदा तरी गोड बोल. पणजोबांनी सार्जंटला निम्मं सोडलं, तू बाईंना थोडं सोड. आमचे हे म्हणतात, तेउनिसला जमणार नाही. त्यांना खोटं पाड.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
लव्हिनी

ऑल्बनी, २८ ऑक्टोबर

चि. सौ. लव्हिनीस अ. उ. आ.

तुझे हे बरोबर निघाले. त्यांना कळवू नकोस.

बाई परत आल्या. मी गोड बोललो, अगदी केकसुद्धा आणला होता. नक्कल करून देतो म्हटलं, तर मंडळाला अस्सल कागदच हवा. अख्खा कागद फुकट चौकटीत बसवून देतो म्हटलं, तर त्यांना घेरी आली. त्यांना ‘शूर’पर्यंतचाच कागद हवा, आणि खालचा तुकडा पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडायला नको. मी समजावलं, की बाई, डुकरीण सुटली म्हणून सार्जंटाचं नाव राहिलं. कुंपण नीट घातलं असतं तर आज त्यांना कोण ओळखत होतं? त्यावर त्या म्हणाल्या, मी उद्धट आहे. असेन.

एकेक करून बाकीच्या वीरकन्याही येऊन गेल्या. प्रत्येकीचा पहिला प्रश्न, माझं झाकून ठेवाल ना. दुसरा, तिचं काय होतं?

त्या दगडी खोलीसाठी माझा जीव तुटतो, हे तुला सांगायला नको. दोन रात्री डोळा लागला नाही. पण एका कागदाला कात्री लावली की दुसरीला काय सांगू? महिन्याभरात पाच पेट्या शूर माणसं उरतील आणि शहर कुठे दिसायचं नाही. पेट्यांना उचलायला दोरीचे कान बसवलेत, दारापाशी रचल्यात. मांजर त्यांच्यावरच झोपतं.

आहे तो लोभ जपून वापर.
तेउनिस

ता. क. बाईंनी देऊ केलेला आकडा विचारशीलच. सहाही पेट्यांना दगडी खोली, दारावर माझ्या नावाची पितळी पाटी, आणि कात्रीच्या एका कापाला रोख चारशे डॉलर. नाही म्हणालो.