अकरावं अ‍ॅप्लिकेशन

प्रिय दादा,

चार दिवस तू फोन उचलत नाहीयेस. पत्र मध्येच कट करता येत नाही, म्हणून लिहितेय.

आधी कामाचं सांगते. हॉस्पिटलची अकरा अ‍ॅप्लिकेशन्स सर्व्हरच्या नव्या व्हर्जनवर न्यायची होती. तू बसवलेल्या जुन्या व्हर्जनला सुरक्षेचे अपडेट मिळणं कधीच बंद झालंय आणि साहेब रोज डोक्यावर बसलेले. दहा अ‍ॅप्लिकेशन्स तीन आठवड्यांत गेली. बाह्यरुग्ण विभागाचं तेवढं दोन दिवस रुसलं होतं, सगळ्या पेशंटांच्या जन्मतारखा एक दिवस मागे दाखवत होतं. अकरावं, तू एकट्याने लिहिलेलं लॅबच्या रिपोर्टचं, सुरूच होईना. त्यात एका जागी तू सर्व्हरची एक जुनी सोय वापरली होतीस आणि नव्या व्हर्जनने नेमकी तीच काढून टाकलीय.

तेव्हा मी तुला फोन केला होता. तू म्हणालास, "ते वाचत बसू नकोस. तो भाग उडव, नव्याने लिही. आणि बदलांच्या जुन्या नोंदी तिकडे नेऊच नकोस, उगाच कचरा." मला या नोकरीत तूच आणलंस. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचल्याशिवाय त्यातली एक ओळही काढायची नाही, हे पहिल्याच आठवड्यात तूच मला बजावलं होतंस. म्हणून मी वाचलं.

प्रोग्रॅममधली कुठली ओळ कोणी, कधी घातली, ते सगळं त्या नोंदींत असतं. त्या तुकड्यावर तुझं नाव आहे. वर तू लिहून ठेवलंयस: 'दोघांनी एकाच क्षणी प्रिंट दिलं तर एकाच्या रिपोर्टवर दुसऱ्याचं नाव येतं. तात्पुरता उपाय.' तारीख सहा वर्षांपूर्वीची, तीन तारीख. मी खुर्चीतून उठले, जिन्यापर्यंत गेले, परत येऊन पुन्हा वाचलं. तारीख तीच होती.

त्याच महिन्याच्या एक तारखेला त्या शाळामास्तरांच्या रिपोर्टची भानगड उघडकीला आली होती. दुसऱ्याच माणसाचा चांगला रिपोर्ट हातात देऊन त्यांना घरी पाठवलं होतं. उपचार चार महिने उशिरा सुरू झाले आणि त्यांची एक किडनी गेली. नऊ तारखेला चौकशी झाली. समितीपुढे तू सांगितलंस की कॉम्प्युटरची बाजू तपासली, दोष नाही. लॅबमध्ये रक्ताच्या नळीला लेबल चुकीचं लागलं असणार. म्हणजे तीन तारखेला तुला दोष सापडला होता, तू तो गुपचूप बुजवला होतास, आणि नऊ तारखेला सरळ चेहऱ्याने खोटं बोललास. तुझ्या निवेदनाखाली दुसरी सही माझी आहे. मी एक अक्षर तपासलं नव्हतं. दादाने सांगितलंय म्हटल्यावर तपासायचं काय, असं वाटलं होतं. त्या मूर्खपणाचा राग मला आजही आवरत नाही.

आणि लॅबच्या ताईंना काढून टाकलं. बावीस वर्षं काम केलेली बाई. प्रत्येक नळीवरचं नाव दोनदा मोठ्याने वाचायची, आपण तिची नक्कल करून हसायचो. ज्या बाईची तू टिंगल करायचास, तिच्याच डोक्यावर तू ते खापर फोडू दिलंस. त्याच वर्षी तुला बढती मिळाली, मग ती मोठ्या शहरातली नोकरी. आईने शेजारीपाजारी सगळीकडे पेढ्यांसारखी तुझी हुशारी वाटली.

परवा मी ताईंकडे गेले. आता त्या झेरॉक्सच्या दुकानात बसतात. मला बघून त्यांनी आधी स्टूल पुढे केलं. मी सगळं सांगितलं, तुझं नावही. वाटलं, चिडतील, हाकलून देतील. त्यांनी मशीनमधून निघालेले कागद जुळवून बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "सहा वर्षं मी तो दिवस आठवतेय. कुठली नळी कुठे ठेवली, कोणी हाक मारली, माझं लक्ष कुठे गेलं. म्हणजे मी चुकले नव्हते ना?" नाही, म्हटलं. तर मला परत म्हणायला लावलं. दादा, त्या बाईने स्वतःवरचा विश्वास गमावला, आणि तुला सहा वर्षांत एक फोन करवला नाही. तुझी तेवढीही हिंमत झाली नाही.

अकरावं अ‍ॅप्लिकेशन कालपासून नव्या सर्व्हरवर चालू आहे. तो तुकडा मी नीट लिहिलाय. एकाच वेळी दहा जणांना प्रिंट द्यायला लावून पाहिलं, नावं बदलत नाहीत. जुन्या नोंदी मात्र एकूण एक नेल्यात, तुझ्या तीन तारखेसकट.

आज दुपारी मी माझी सही मागे घेतल्याचं पत्र आणि त्या नोंदीची प्रत अधीक्षकांना दिली. येत्या गुरुवारी चौकशी पुन्हा उघडतेय आणि तुला बोलावणं येईल. ते येण्याआधी तू स्वतः ये, आधी ताईंना भेट, आणि तोंडाने सांग. एवढ्यासाठीच हे लिहिलं. 'माझी नाचक्की होईल, थांब,' असं म्हणू नकोस. मी थांबणार नाही. आई रोज विचारते, दादाशी बोललीस का. तिला मी काहीच सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. ते तू सांगायचं आहेस, तिच्यासमोर बसून.

तुझीच बहीण, नाइलाजाने,
धाकटी