मागचा दरवाजा

यावल, सोमवार, संध्याकाळ

सकाळी मोठ्या बहिणीला, अक्काला, डोंगरावरच्या महादेवाला नेत होतो. नाल्यात गाडीचं एक चाक अधांतरी झालं आणि अक्काला उतरवायला गेलो तर मागचा दरवाजा उघडेना. सपाटीवर आल्यावर उघडला.

परतताना मेकॅनिकला दाखवली. म्हणाला, "हिला वेगळी चेसिस नाही, भाऊ. सगळा भार बॉडीवरच; ती पिळली की दरवाजा अडकतो. एखाद्या वेळी ठीक, दर सोमवारी अशी पिळू नका. जीप घ्या."

घ्यावी का जीप? अक्का म्हणाली, "माले जीपमा चढता येत नही रे नाना. हाई बरी शे. इन्हा दरवाजाबी मना गुडघानागत कुरकुरस."

चार वाजता पावडं-घमेलं घेऊन एकटाच गेलो, महादेवाचं नाव घेतलं आणि नाल्यातले खड्डे दगड-मुरमानं भरले. येताना नाल्याच्या मधोमध गाडी थांबवून मागचा दरवाजा उघडून पाहिला. अलगद उघडला.